डाव्या कडेचा घास

मित्रांनो, मी एक जुना सर्फबोर्ड आहे. लाटेवर उभे राहायची फळी म्हणा हवे तर. उंचीने मी तुमच्या बाबांपेक्षा हातभर जास्त आहे. रंगाने एकेकाळी दुधासारखा होतो, आता चहाच्या जुन्या कपासारखा पिवळट झालो आहे. माझ्या डाव्या कडेला मात्र चंद्रकोरीच्या आकाराचे एक पांढरेशुभ्र ठिगळ आहे. तिथला मूळचा तुकडा पॅसिफिक महासागरात राहिला. तो कोणी नेला आणि त्यानंतर एका घरात काय झाले, ते आज तुम्हाला सांगतो. गोष्टीत शार्क आहे, पण घाबरू नका. शार्क थोडा वेळच येतो.

माझा जन्म २००१ च्या वसंत ऋतूत कॅलिफोर्नियात, सांताक्रूझजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मला घडवणाऱ्या कारागिराचे नाव हेक्टर. त्याने फोमचा एक लांब ठोकळा घेतला आणि रंध्याने तासायला सुरुवात केली. तासता तासता तो मधेच थांबे, डोळे मिटे आणि माझ्या कडेवरून तळहात फिरवी. जिथे हात अडखळे तिथे पुन्हा तासे. मग त्याने मला काचेच्या धाग्यांचे कापड गुंडाळले, त्यावर चिकट रेझिन ओतले, ते वाळल्यावर घासून गुळगुळीत केले आणि पोटाखाली माशासारखे तीन पर बसवले. झालो मी तयार.

मला घ्यायला फ्रीमाँटहून एक मुलगा आला. शार्दूल त्याचे नाव, वय पंधरा. बरोबर त्याचे बाबा होते, नरेंद्र काका. तुम्ही त्यांना काकाच म्हणाल, म्हणून मीही तसेच म्हणतो. काका नागपूरचे. तिथून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत ते इंजिनिअर होते आणि पाण्याशी त्यांचा संबंध प्यायचा आणि आंघोळीचा, एवढाच होता.

"पोहायचंच आहे ना तुला? मग पूलमध्ये पोह की," काका म्हणाले.

"बाबा, पूलमध्ये वेव्हज नसतात."

"म्हणूनच तो सेफ असतो."

हेक्टर हसला. मला शार्दूलच्या हातात देण्याआधी त्याने त्याला समोर बसवले. "या पाण्याला एक घरमालक आहे," तो म्हणाला. "ग्रेट व्हाइट शार्क. वर्षातला बराच काळ तो दूर समुद्रात असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरला घरी येतो, कारण तेव्हा किनाऱ्यापाशी सील भरपूर असतात. ते गुबगुबीत समुद्रप्राणी त्याचं जेवण. आपण इथे भाडेकरू. त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन उभं राहायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सील बसतात त्या खडकांपाशी जायचं नाही. एकट्याने पाण्यात उतरायचं नाही. आणि आसपासचे सील एकदम दिसेनासे झाले, तर आपणही मुकाट्याने बाहेर यायचं."

हे ऐकून काकांचा चेहरा उतरला. आम्ही घरी पोचलो. दारात सुहासिनी काकू, म्हणजे शार्दूलची आई, उभ्या होत्या. त्या अलिबागजवळच्या रेवदंड्याच्या. "तुमच्या रेवदंड्याला माणसं मुशीचं कालवण करतात," काका त्यांना म्हणाले, "इथे मुशीच माणसाचं करते म्हणे."

मुशी म्हणजे कोकणातला लहान शार्क. काकूंनी तिकडे लक्ष दिले नाही. त्या माझ्यासोबत आलेली मेणाची वडी नाकाशी धरून उभ्या होत्या. "अगंबाई, याला खोबऱ्याचा वास येतोय. पाठीवर नारळी भात थापायचा का याच्या?"

हे मेण नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. मी मूळचा फार गुळगुळीत. ओल्या पायांनी माझ्यावर कोणी उभे राहिले तर घसरून पडायचेच. म्हणून पाण्यात जाण्याआधी माझ्या पाठीवर मेण घासतात. आधी कडक मेणाचा पातळ थर, त्यावर मऊ मेणाचे गोल गोल फेरे. रोज थरावर थर चढतात. वाळू चिकटून ते मेण मळते, आणि अधूनमधून सगळे खरवडून काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पहिले वर्ष आम्ही दोघे पडण्यात घालवले. शार्दूल माझ्यावरून पुढे पडे, मागे पडे, कधी मी उलटून त्याच्या डोक्यावर पडे. एके दिवशी तो उभा राहिला आणि लाट संपेपर्यंत उभाच राहिला. वाळूत पाय टेकल्यावर त्याने मला मिठी मारली. त्या मिठीसारखी दुसरी बक्षिसी मला मिळालेली नाही. त्यानंतर शाळा सुटली की आठवड्यातून एकदा तरी आम्ही समुद्रावर असायचो. काकू कधीकधी बरोबर येत आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून बघत. रेवदंड्याला त्यांचे भाऊ पोहत, त्यांना मात्र घोट्याच्या पुढे कोणी जाऊ दिले नव्हते. इथे कोणी अडवत नव्हते, तरी त्या पुढे जात नसत.

मग २००३ ची खंडेनवमी आली.

तुम्हाला माहीत असेल, खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची आणि अवजारांची पूजा करतात. फ्रीमाँटच्या घरात तलवार कुठून येणार? काकूंनी गॅरेजमध्ये सतरंजी अंथरली आणि मांडामांड केली. काकांचा लॅपटॉप, स्क्रू ड्रायव्हरची पेटी, मिक्सर, शिलाईचे मशीन, बाहेर गाडी. त्याच दिवशी सकाळी शार्दूलने माझे जुने मेण खरवडून मला लख्ख केले होते. मी भिंतीशी टेकून उभा होतो. काकूंची नजर माझ्यावर गेली. त्यांनी मलाही सतरंजीवर आडवे केले, तेलात कुंकू कालवले आणि माझ्या पाठीवर पाच बोटे उमटवली. वर झेंडूचा हार घातला. आयुष्यात मला पहिल्यांदाच कोणी नमस्कार केला. मी संकोचून गेलो.

शार्दूलने ते पाहिले आणि कपाळावर हात मारला. "आई, व्हॉट इज धिस? सगळे हसतील मला."

"हसू देत. पुसायचं नाही हं. पूजा केलेली वस्तू आहे."

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, तो मला घेऊन समुद्रावर गेला. बरोबर येणारा मित्र ऐन वेळी आला नाही. लाटा सुरेख होत्या. शार्दूलने गाडीच्या टपावरून मला काढले, पाच बोटांकडे पाहिले आणि बाही पुढे केली. पुसणार, तेवढ्यात थांबला. मग त्याने कडक मेणाची वडी घेतली आणि हलक्या हाताने बोटांवरून फिरवली, एक थर, दोन थर, वर मऊ मेण. कुंकू झाकले गेले. आईचा शब्द राहिला आणि हसायलाही कोणाला काही उरले नाही.

त्याने मला उचलले आणि तो एकटाच पाण्यात शिरला. सर्वांत चांगल्या लाटा सीलच्या खडकांपाशी फुटत होत्या. तो तिकडे गेला.

माझी पाठ माणसाकडे असते आणि पोट पाण्याकडे. म्हणून शार्दूलला जे दिसत नव्हते ते मला दिसत होते. आधी सील गेले, तेवढे त्यालाही दिसले. इतका वेळ आजूबाजूला डोकी काढणारे सील एकदम नाहीसे झाले. शार्दूलला वाटले, बरे झाले, शांतता झाली. मग आमच्या खालून एक सावली गेली. एखादी मोठी गाडी पाण्याखालून आवाज न करता सरकावी तशी ती गेली, दूर जाऊन वळली आणि वर आली.

शार्कने मला डाव्या कडेला तोंडात धरले, एकदा हलवले आणि सोडले. एवढेच. शार्कला हात नसतात, मित्रांनो. अनोळखी वस्तू आपण चाचपून बघतो, त्याला ती तोंडाने बघावी लागते. खालून बघताना उजेडापुढे मी त्याला लांबट काळा, सीलसारखा दिसलो असेन. तोंडात फोम आला, तो निघून गेला. मला त्याचा राग नाही. पण हेही खरे की तो नुसता बघायचा घास वीतभर पुढे पडला असता, तर ही गोष्ट मला सांगता आली नसती.

शार्दूल पाण्यात फेकला गेला. माझ्या फाटक्या कडेने त्याची पोटरी कापली गेली. पायाला बांधलेली माझी दोरी तुटली नव्हती. ती ओढून तो माझ्यावर पालथा पडला आणि दोन्ही हातांनी पाणी मारू लागला. मी वाकडा चालत होतो, पण मी बुडालो नाही. साऱ्या आयुष्यात मोठे म्हणावे असे एवढेच काम मी केले.

पुढचा आठवडाभर माझे फार कौतुक झाले. टीव्हीवाल्यांनी फोटो काढले. एक संशोधक बाई आल्या आणि घासाची रुंदी मोजून गेल्या. शेजारची मुले कडेच्या भोकातून हात घालून बघत. शार्दूलच्या पोटरीला टाके पडले होते, तो जिन्यावर बसून सगळे बघत असे. माझ्याजवळ मात्र येत नसे.

त्याच दिवसांत काकूंची मैत्रीण पद्मजा मावशी भेटायला आली. चहा घेताना ती सहज म्हणाली, "त्या शार्कला म्हणे रक्त लांबून कळतं. लाल काही दिसलं तरी येतो, असं आमचे हे कुठेतरी वाचत होते." ती तेवढे बोलली आणि दुसऱ्या विषयावर गेली.

तिला निरोप देऊन काकू तशाच गॅरेजमध्ये आल्या. त्यांनी मला दिव्याखाली ओढले आणि माझ्या पाठीवर वाकल्या. वर मळकट, वाळूभरले मेण. कुंकू कुठेच दिसेना. त्यांनी बोटाने थोडे चाचपले. मग तोच हात तोंडावर नेला आणि त्या खाली बसल्या.

काय वाटले त्यांना, कळले ना तुम्हाला? आपले कुंकू समुद्रात विरघळले, त्याने पाणी लाल झाले, आणि त्या लालीवर शार्क आला. आपण पूजा केली म्हणून पोराचा जीव जाता जाता राहिला.

मित्रांनो, त्यांचे बोट ज्या ठिकाणी होते त्याच्या खाली, तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीच्या मेणाखाली, त्यांचे कुंकू जसेच्या तसे होते. एक कणही पाण्यात गेला नव्हता. मी हे त्यांना कसे सांगणार? मला कड आहे, पाठ आहे, पर आहेत. तोंड नाही.

काकू हे कोणाला बोलल्या नाहीत. शार्दूलही काही बोलला नाही. पुढच्या वर्षी त्याने शिकायला मिशिगन राज्यातले ॲन आर्बर निवडले. तिथे समुद्र नाही. तळी आहेत, तीही हिवाळ्यात गोठतात. कॅलिफोर्नियातली एवढी कॉलेजे सोडून हा लांब का गेला, ते काकांना समजेना. मला समजत होते.

मी गॅरेजमध्ये राहिलो. एका बाजूला बासमतीची पोती, दुसऱ्या बाजूला विमानाच्या चिठ्ठ्या लटकणाऱ्या सुटकेसेस, डोक्यावर गणपतीचे थर्माकोलचे मखर. धूळ बसली. एक कोळी माझ्या भोकात राहायला आला, त्याची मला सोबत झाली. खंडेनवमी आली की मी कान देऊन ऐकायचो. सतरंजी अंथरल्याचा आवाज काही येत नसे.

"अगं, यंदा गाडीला हार नाही?" काका विचारायचे.

"झेंडू मिळाला नाही."

"इंडियन स्टोअरमध्ये परात भरून होता की."

"मला नाही दिसला."

काका खांदे उडवून कामावर जायचे.

२००८ मध्ये शार्दूल शिक्षण संपवून परत आला. जवळच नोकरीला लागला, उंच झाला, दाढी ठेवली. ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या एका शनिवारी काकांनी गॅरेज आवरायला काढले. त्यांना ट्रेडमिल घ्यायचे होते. मला उचलून त्यांनी बाहेर कचऱ्याच्या डब्याशी उभे केले. पाच वर्षांनी अंगावर ऊन पडले, पण ते कशासाठी, हे कळल्यावर त्याची ऊब लागेना.

"हा सोमवारच्या ट्रॅशमध्ये जाईल," काका म्हणाले. "ट्रेडमिलला जागा पाहिजे."

"कपडे वाळत घालायला," काकू म्हणाल्या.

"फेकून द्या बाबा," शार्दूल माझ्याकडे न बघता म्हणाला. "इट्स जस्ट फोम."

काकू एकदम माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "पूजा केलेली वस्तू कचऱ्यात टाकायची नाही."

"कसली पूजा, आई? पाच वर्षांत केलीस का तू? यू जस्ट स्टॉप्ड. मी फोनवर विचारायचो तेव्हा विषय बदलायचीस. आय थॉट, तू माझ्यावर चिडली आहेस."

"तुझ्यावर कशाला चिडू?" काकू तांदळाच्या पोत्यावर बसल्या. पदराला हात पुसावा तसा त्यांनी ओढणीला हात पुसला, दोनदा पुसला. "माझ्यामुळे झालं ते सगळं. तू नको म्हणत होतास, तरी मी कुंकू लावलं. ते विरघळलं पाण्यात. लाल झालं पाणी, म्हणून तो आला. मी नंतर येऊन बघितलं ना, एक ठिपकासुद्धा राहिला नव्हता."

काकांच्या हातात मखराचा खांब होता, तो तसाच राहिला.

"आई," शार्दूल हळूच म्हणाला, "विरघळेल कसं? मी त्याच्यावर वॅक्स लावलं होतं."

काकू पोत्यावरून उठल्या.

"पुसायचं नाही म्हणाली होतीस. म्हणून झाकलं. वेट, खरवडायला काहीतरी दे."

काका हत्यारांच्या पेटीकडे धावले, पण काकू आत जाऊन डोशाचे उलथने घेऊन आल्या. शार्दूलने मला उन्हात आडवे केले. मेण मऊ पडायला थोडा वेळ लागला. मग तो गुडघ्यांवर बसून खरवडू लागला. वरचा काळपट थर निघाला, मधला पिवळा निघाला. पाच वर्षांनी खोबऱ्याचा वास सुटला. सर्वांत खालच्या थराशी आल्यावर त्याने उलथने ठेवले आणि अंगठ्याने मेण बाजूला सारले.

पहिले बोट दिसले. मग दुसरे. मेण घासताना कडा थोड्या फिसकटल्या होत्या, रंग गडद झाला होता, पण पाचही बोटे जागच्या जागी होती.

काकू खाली बसल्या. त्यांनी आपली बोटे एकेक करून त्या ठशांवर ठेवली आणि पुष्कळ वेळ तशीच राहू दिली.

"मी एकटा गेलो होतो, आई," शार्दूल म्हणाला. "सीलच्या खडकांपाशी. हेक्टरने सांगितलं होतं, तरी गेलो. सील गेलेले दिसले तरी थांबलो. इट वॉज नेव्हर यू. मला वाटायचं, तुला हे कळलं आहे आणि तू बोलत नाहीस."

काकूंनी त्याच्या पाठीत एक चापट मारली, जोरात. मग तोच हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

काका खांब खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे पाच वर्षं झेंडू मिळत होता." तेव्हा कुठे दोघे हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शार्दूल मला हेक्टरच्या शेडमध्ये घेऊन गेला. हेक्टरचे केस पिकले होते. त्याने माझ्या भोकातला कोळी अलगद एका कपात घेऊन झुडपात सोडला आणि कडेवरून डोळे मिटून हात फिरवला. नवा फोम भरला, वर कापड चढवले. "रंग जुळणार नाही," तो म्हणाला. शार्दूल म्हणाला, "नको जुळू दे."

त्या खंडेनवमीला सतरंजी पुन्हा अंथरली गेली. लॅपटॉप, मिक्सर, शिलाईचे मशीन आणि मी. काकूंनी जुन्या ठशांवर नवी पाच बोटे उमटवली. शार्दूल मेणाची वडी घेऊन आला, पण त्याने ती स्वतः वापरली नाही. त्याने ती काकूंच्या हातात दिली आणि गोल कसे फिरवायचे ते दाखवले. आपल्या कुंकवावर त्यांनीच मेण चढवले.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे समुद्रावर गेलो. या वेळी खडकांपासून दूर, वाळूच्या किनाऱ्यावर, जिथे माणसे होती. हेक्टरही आला आणि आधी पाण्यात जाऊन थांबला. "घरमालक याच दिवसांत घरी असतो," त्याने निघताना पुन्हा सांगितले होते. शार्दूल गुडघाभर पाण्यात आला आणि उभा राहिला. एक लाट गेली, दुसरी गेली. त्याचा हात माझ्या कडेवर घट्ट होता आणि पाय पुढे पडत नव्हता.

तेवढ्यात माझ्या मागच्या टोकाला दुसरा हात लागला. काकू सलवार ओली करत कमरेएवढ्या पाण्यात आल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा.

"आई, पुढे नको येऊ."

"तू निघ. मग मी मागे जाते."

किनाऱ्यावरून काका ओरडत होते, "अहो, तुम्ही कुठे चाललात?" घाबरले की ते बायकोला अहो म्हणत.

शार्दूल माझ्यावर पालथा झाला. काकूंनी ढकलले. त्या दिवशी तो उभा राहिला नाही. एका लहानशा लाटेवरून पोटावर झोपूनच किनाऱ्याला आला. मला पुरे होते. खाली, दूर कुठेतरी, तोही असेल. घर त्याचेच आहे. आम्हाला तो दिसला नाही, आणि आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात गेलो नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू तुमच्याही घरात कोपऱ्यात असेल. तिला फेकण्याआधी घरच्यांना एकदा विचारा, तिच्याकडे बघून त्यांना काय आठवते. मोठी माणसे पुष्कळदा आपणहून सांगत नाहीत. आणि कधी तुमच्याकडे सर्फबोर्ड आलाच, तर समुद्रावरून आल्यावर त्याला गोड्या पाण्याने धुवा, भर उन्हात गाडीच्या टपावर विसरू नका, घरमालकाचे नियम मोडू नका. तुमच्या आईने त्याला कुंकू लावले तर ते पुसू नका. वरून मेण लावा.